‘कुणामुळे झाला?’ – विषाणूची वंशावळ काय सांगते

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखान्यातली संध्याकाळची गर्दी ओसरत आली होती. बावीस-तेवीस वर्षांची एक विवाहिता आपल्या आईबरोबर आत आली. तिला पाचवा महिना चालू होता. गरोदरपणात करतात त्या नेहमीच्या रक्ततपासणीत तिला एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे आठवड्यापूर्वी निष्पन्न झाले होते. पाठोपाठ नवऱ्याची तपासणी झाली. तोही बाधित निघाला. पण रिपोर्ट आधी हिचा आला होता, त्यामुळे सासरच्या मंडळींनी निकाल देऊन टाकला की, हा रोग हिनेच घरात आणला. तिला माहेरी आणून सोडले होते. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

मी गोळ्यांविषयी बोलू लागलो तशी ती मध्येच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, गोळ्या मी घेईन. पण मला कुणीतरी सांगितलं, हल्ली रक्तातल्या विषाणूवरून कळतं म्हणे, रोग कुणाकडून कुणाला गेला ते. तेवढी तपासणी करून द्या. मला तसा कागद पाहिजे. तो मी सासूबाईंपुढे ठेवीन.”

तिची आई खाली मान घालून बसली होती. तिच्या ऐकण्यात आलेली गोष्ट अर्धी खरी होती आणि अर्धी खोटी. त्या दिवशी मी तिला घाईघाईत दिलेले उत्तर आज सविस्तर सांगावे, म्हणून हा लेख. कारण ‘कुणामुळे झाला?’ हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. एच.आय.व्ही. ज्या ज्या घरात शिरतो, तिथे औषधाच्या आधी हाच प्रश्न विचारला जातो.

मुद्रितशोधक नसलेला छापखाना

एच.आय.व्ही. हा विषाणू अतिशय साधा आहे. स्वतःच्या प्रती कशा काढायच्या, याची सगळी माहिती त्याच्याजवळ सुमारे ९,७०० अक्षरांच्या एका मजकुरात साठवलेली असते. ही अक्षरे म्हणजे रासायनिक घटक, आणि तेही चारच प्रकारचे. आपल्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींमध्ये शिरून विषाणू या मजकुराच्या नकला काढून घेतो. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात एका दिवसात सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात.

वर्तमानपत्राच्या वाचकांना ठाऊक आहे की, छपाईपूर्वी मजकूर मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जातो. एच.आय.व्ही.च्या छापखान्यात मुद्रितशोधकच नाही! त्यामुळे सरासरी दर तीन-चार प्रतींमागे एखादे अक्षर चुकते. ती चूक सुधारली जात नाही आणि पुढची नक्कल त्या चुकीसकट निघते. काही चुकांमुळे विषाणू निकामी होतो, पण बऱ्याच चुका निरुपद्रवी असतात आणि पिढ्यानुपिढ्या पुढे चालत राहतात.

याचा उपयोग कसा होतो? शाळेतले उदाहरण घेऊ. गुरुजी गृहपाठाच्या वह्या तपासत आहेत. दोन मुलांच्या वहीत सातवे गणित चुकले आहे, आणि तेही अगदी एकाच पद्धतीने. पुढे अकरावे गणितही दोघांचे तसेच चुकले आहे. गुरुजींच्या लगेच लक्षात येते की, या दोन वह्यांचा एकमेकींशी संबंध आहे. बरोबर उत्तरे सगळ्यांची सारखीच असतात. नाते उघड होते ते सारख्या चुकांवरून.

विषाणूचेही तसेच आहे. दोन रुग्णांच्या रक्तातील विषाणूंचा मजकूर अक्षर अक्षर लावून वाचला आणि दोन्हीकडे पुष्कळ चुका सारख्या निघाल्या, तर ते विषाणू जवळचे नातलग. फरक जितका जास्त, तितके नाते लांबचे. शिवाय या चुका साधारण ठराविक वेगाने साठत जातात. त्यामुळे दोन शाखांचा समान पूर्वज किती वर्षांपूर्वी होऊन गेला असावा, याचाही अंदाज बांधता येतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये आपल्या वह्यांतून घराण्याची नामावळी काढून दाखवतात ना, तशीच ही विषाणूची नामावळी समजा.

आपल्याकडचा विषाणू कुठला?

भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत, म्हणजे त्या वेळच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीत आढळली. त्या काळात पुष्कळांना वाटे की, हा अमेरिकेचा, पाश्चात्त्यांचा रोग आहे. विषाणूच्या नामावळीने मात्र वेगळेच सांगितले. एच.आय.व्ही.चे अनेक उपप्रकार आहेत. अमेरिका आणि पश्चिम युरोपात प्रामुख्याने ‘बी’ उपप्रकार आढळतो, तर भारतातील बहुतांश रुग्णांमध्ये ‘सी’. पुण्यात भोसरी येथील ‘नारी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतीच लागण झालेल्या सहा जणांच्या विषाणूंचा संपूर्ण मजकूर त्यांनी वाचला होता. त्यांपैकी पाच ‘सी’ उपप्रकाराचे निघाले आणि एक ‘ए’ व ‘सी’ यांची सरमिसळ होती.

हाच ‘सी’ उपप्रकार आफ्रिकेच्या दक्षिण भागात सर्वत्र आढळतो. भारतातील विषाणूंच्या शाखा मागे मागे नेल्या तर त्या एका किंवा मोजक्याच मुळांशी येऊन मिळतात. त्यांतल्या फरकांवरून शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज असा की, १९८६ मध्ये पहिले रुग्ण सापडण्यापूर्वी दहा वर्षे तरी हा विषाणू देशात गुपचूप फिरत असावा. रोग दिसला त्या दिवशी आला, असे नसते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. देशाला जे लागू आहे, तेच घरालाही लागू आहे.

गांधीजींच्या स्टेशनापासून जवळच

आता या शास्त्राचा खरा उपयोग कुठे झाला ते पाहू. दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग हे गाव आपल्याला माहीत आहे ते १८९३ साली तिथल्या स्टेशनवर गांधीजींना गाडीतून उतरवले गेले म्हणून. या शहराच्या आसपासचा, व्हुलिंडलेला नावाच्या ग्रामीण टापूसह असलेला परिसर जगातील सर्वाधिक एच.आय.व्ही.ग्रस्त भागांपैकी एक आहे.

इथले एक कोडे कित्येक वर्षे सुटत नव्हते. पंचवीस वर्षांखालच्या मुलींमध्ये लागणीचे प्रमाण त्यांच्याच वयाच्या मुलांच्या जवळपास तिप्पट होते. बरोबरीच्या मुलांमध्ये रोग इतका कमी, तर मुलींना तो येतो कुठून?

२०१४-१५ मध्ये डर्बनच्या ‘काप्रिसा’ या संशोधन केंद्राच्या पथकांनी घरोघर जाऊन सुमारे ९,८०० लोकांची तपासणी केली. हे केंद्र चालवणारे डॉ. सलीम आणि डॉ. कुरैशा अब्दुल करीम हे दाम्पत्य भारतीय वंशाचे आहे. बाधितांपैकी सुमारे १,६०० जणांच्या विषाणूंचा मजकूर वाचण्यात आला आणि शास्त्रज्ञ टुलिओ डी ऑलिव्हेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची वंशावळ मांडली. वंशावळीत नावे नव्हती. होते ते फक्त वय, लिंग आणि विषाणूंचे नाते.

त्यातून जे चित्र उभे राहिले, ते असे. पंचवीस वर्षांखालच्या मुलींच्या विषाणूंचे जवळचे नाते ज्या पुरुषांच्या विषाणूंशी जुळले, ते पुरुष त्यांच्यापेक्षा सरासरी जवळपास नऊ वर्षांनी मोठे होते. पंचवीस ते चाळीस वयाच्या स्त्रियांचे नाते मात्र साधारण त्यांच्याच वयाच्या पुरुषांशी जुळत होते. आणि कोवळ्या मुलींशी नाते जुळलेल्या पुरुषांपैकी दहांतल्या जवळपास चौघांच्या विषाणूंचे नाते पंचवीस ते चाळीस वयाच्या स्त्रियांच्या विषाणूंशीही जुळले.

म्हणजे हे एक रहाटगाडगे होते. मोठ्या वयाच्या पुरुषाकडून लहान मुलीला लागण होते. ती मुलगी पुढे तिशीला येते, तेव्हा तिच्या बरोबरीच्या जोडीदाराला तिच्याकडून लागण होते. त्या वयाचे काही पुरुष पुन्हा कोवळ्या मुलींकडे वळतात. गाडगी भरतात, रिकामी होतात, रहाट फिरतच राहतो.

आता यात दोषी कोण? मुलगी? ती तर गरिबीपायी किंवा फूस लावल्यामुळे या संबंधात ओढली जाते. तिशीतला पुरुष? त्याला लागण झाली ती बहुधा बरोबरीच्या जोडीदाराकडून. याच अभ्यासातील एक आकडा माझ्या मनात घर करून राहिला आहे. पंचवीस ते चाळीस वयाच्या स्त्रियांशी ज्यांच्या विषाणूंचे नाते जुळले, त्या पुरुषांपैकी दहांतल्या जवळपास आठ जणांना आपल्याला लागण झाली आहे याचा पत्ताच नव्हता, आणि जवळजवळ कुणीच औषध घेत नव्हते. रहाट फिरवत होते ते हे अज्ञान.

म्हणून शास्त्रज्ञांनी कुणाचे नाव शोधले नाही. त्यांनी सांगितले की, रहाट थांबवायचा तर शाळकरी मुलींना संरक्षण द्या आणि पंचवीस ते चाळीस वयाच्या पुरुषांना शोधून त्यांची तपासणी व उपचार करा. आरोग्यखात्याने आपले मर्यादित पैसे आणि माणसे कुठे लावावीत, हे या वंशावळीने दाखवले. आपल्याकडेही गरोदर बाईची तपासणी होते, पण तिच्या नवऱ्याची तपासणी आपणहून कितीदा होते? हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायला हवा.

पुण्याच्या जोडप्यांनी शिकवलेले

या शास्त्राची दुसरी देणगी आपल्या अधिक जवळची आहे. ज्यांच्यात एक जण बाधित आणि दुसरा निरोगी आहे, अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत करण्यात आला. भारतातील जोडपी पुणे आणि चेन्नई येथील होती. प्रश्न असा होता की, बाधित जोडीदाराला लगेच औषध सुरू केले तर दुसऱ्याचा बचाव होतो का? निम्म्या जोडप्यांत औषध लगेच सुरू केले, तर उरलेल्यांत त्या काळच्या प्रथेप्रमाणे आजार वाढल्यावर.

यात एक अडचण होती. निरोगी जोडीदाराला पुढे लागण झाली, तर ती घरातूनच झाली हे कशावरून? इथे विषाणूची वंशावळ कामाला आली. दोघांचे विषाणू ताडून पाहिले तेव्हा काही जोडप्यांत ते जुळले नाहीत, म्हणजे ती लागण बाहेरून झालेली होती. २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा जोडीदाराशी जुळणाऱ्या लागणी २८ होत्या. त्यांपैकी २७ औषध उशिरा सुरू करणाऱ्या गटात होत्या आणि लगेच औषध घेणाऱ्या गटात अवघी एक!

पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्के केले. आज आपण खात्रीने सांगू शकतो की, नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आहे आणि तसाच राहिला आहे, त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ही खात्री आपल्याला मिळाली, त्यामागे पुण्याच्या त्या अनाम जोडप्यांचाही वाटा आहे.

मग कागद का देता येत नाही?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. हजारो लोकांतून विषाणूची वाट दिसते, तर नवरा-बायको या दोघांत का दिसू नये?

पुन्हा गुरुजींच्या वह्यांकडे जाऊ. दोन वह्यांतल्या चुका सारख्या आहेत, इथवर ठीक. पण पहिल्याने दुसऱ्याची नक्कल केली, की दुसऱ्याने पहिल्याची? की दोघांनीही तिसऱ्याच मुलाच्या वहीतून उतरवून घेतले, आणि तो मुलगा आज शाळेतच आलेला नाही? टेबलावरच्या दोन वह्या पाहून गुरुजींना हे शपथेवर सांगता येणार नाही. विषाणूंचेही तसेच आहे. दोघांचे विषाणू जवळचे नातलग आहेत इतके कळते. कुणाकडून कुणाला, हे एका जोडप्यापुरते पक्के सांगता येत नाही. नव्या पद्धतींनी दिशेचा अंदाज बांधता येतो, पण तो मोठ्या समूहात उपयोगी पडतो. एकट्यादुकट्याला दोषी ठरवण्याइतका तो भक्कम नसतो.

उलट, ‘संबंध नाही’ हे मात्र हे शास्त्र बरेच ठामपणे सांगू शकते. लिबियातील बेनगाझी शहरात एका बालरुग्णालयात १९९८ मध्ये चारशेहून अधिक मुलांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे उघडकीस आले. बल्गेरियातून आलेल्या पाच परिचारिका आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांनी ती मुद्दाम केली, असा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात डांबले गेले आणि २००४ मध्ये फाशीची शिक्षा झाली. मुलांच्या रक्तातील विषाणूंची वंशावळ शास्त्रज्ञांनी डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावरून दिसून आले की, हे लोक मार्च १९९८ मध्ये तिथे कामाला येण्यापूर्वीच तो विषाणू त्या रुग्णालयात पसरू लागला होता. न्यायालयाने तरीही फाशी कायम केली. अखेर बऱ्याच वाटाघाटींनंतर जुलै २००७ मध्ये ते सहाही जण सुटले. आधी दोषी ठरवायचे आणि मग पुरावा पाहायचा, ही रीत फक्त आपल्या घराघरांतच आहे असे नाही!

ज्याचा रिपोर्ट आधी, तो दोषी?

त्या मुलीच्या सासरी नेमके हेच झाले होते. मी तिच्या आईला समजावून सांगितले की, “मावशी, रिपोर्टची तारीख म्हणजे लागणीची तारीख नव्हे. लागण झाल्यावर माणूस कैक वर्षे धडधाकट दिसू शकतो. बायकांची तपासणी गरोदरपणात होते, म्हणून त्यांचं आधी कळतं. पुरुषाची होतच नाही, म्हणून त्याचं मागाहून कळतं. एवढाच त्याचा अर्थ.”

आणि मुलीला म्हणालो, “पोरी, तुला हवा तो कागद कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. समजा दिला, तरी त्याने तुझा संसार उभा राहणार नाही. पण दुसरे दोन कागद मिळवता येतील. ते मिळवायला मी तुला मदत करतो.”

ती त्या दिवशी नाराज होऊनच गेली. मात्र दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या ए.आर.टी. केंद्रावर तिचे नाव नोंदले गेले. तिथे ही औषधे मोफत मिळतात. सरकारची ही मोफत योजना २००४ पासून चालू आहे. उपचार घेतले नाहीत तर बाधित मातेकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर आणि नियमित औषध घेतले तर ती अगदी एक-दोन टक्क्यांवर येते. नवऱ्यालाही मी निरोप पाठवला. दोनदा तो आला नाही. तिसऱ्यांदा आला. खुर्चीच्या कडेवर बसून बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “डॉक्टर, माझं मलाच माहीत नाही, कधी आणि कुठं.” मी त्याला पुढे काही विचारले नाही. त्याचेही औषध सुरू झाले.

वाचकांनी कायद्याचीही माहिती ठेवावी. एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे. संमतीशिवाय तपासणी करणे आणि रुग्णाची माहिती उघड करणे यांवर त्याने निर्बंध घातले आहेत. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. बाधित स्त्रीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, हेही त्यात आहे. शंका असेल त्यांनी १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावे किंवा सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात जावे. तिथे तपासणी मोफत होते आणि गुप्तता पाळली जाते. लग्न ठरलेल्या, लग्न झालेल्या आणि विशेषतः बायको गरोदर असलेल्या प्रत्येक पुरुषाने एकदा तपासणी करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

गेल्या महिन्यात ती मुलगी पुन्हा आली. या वेळी आईबरोबर नव्हे, नवऱ्याबरोबर, आणि कडेवर एक धीट मुलगा. माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप तो ओढू पाहत होता. तिने पिशवीतून दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. एकावर तिच्या रक्तात विषाणू आढळला नसल्याची नोंद होती. दुसरा मुलाचा, अठराव्या महिन्यात केलेल्या शेवटच्या तपासणीचा. त्याला लागण नव्हती.

“सासूबाईंना दाखवले का?” मी विचारले.

“दाखवले,” ती म्हणाली. “माझा कागद त्यांनी वाचला नाही. पण नातवाचा घडी घालून देवघरात ठेवलाय. हा त्याचा झेरॉक्स आहे.”